नॉर्स्क फोल्केमुसेउम

नॉर्स्क फोल्केमुसेउम (अर्थ: नॉर्वेचे लोकसंग्रहालय) हे नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील लोकसंस्कृतीला वाहिलेले संग्रहालय आहे. शहराच्या पश्चिमेकडील बिग्डॉय या द्वीपकल्पावर ते वसलेले आहे. ग्रंथपाल व इतिहासकार हान्स ओल यांनी १८९४ साली त्याची स्थापना केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून उकलून आणलेल्या व येथे पुन्हा उभारलेल्या १५०हून अधिक इमारती या संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात आहेत. त्यांत मध्ययुगीन लाकडी चर्चपासून विसाव्या शतकातील पेट्रोल पंपापर्यंत नाना प्रकारच्या वास्तूंचा समावेश होतो. पोशाख, लोककला, खेळणी, धार्मिक वस्तू, छायाचित्रे आणि सामी लोकांची संस्कृती यांची दालनेही येथे आहेत.

'लोक' या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो, या प्रश्नाला संग्रहालयाने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आरंभी 'लोक' म्हणजे प्रामुख्याने डोंगरदऱ्यांतील जमीनदार शेतकरी होते. पुढे कुळे, कामगार, शहरी मध्यमवर्ग, सामी आणि स्थलांतरितही त्यात आले. आवारातून फिरताना ही बदलत गेलेली व्याख्या इमारतींच्या रूपाने पाहता येते.

पार्श्वभूमी

नॉर्वे १८१४ सालापर्यंत सुमारे चार शतके डेन्मार्कशी जोडलेला होता आणि त्यानंतर १९०५ पर्यंत स्वीडनबरोबरच्या संयुक्त राज्याचा भाग होता. दोन्ही देशांचा राजा एकच असला, तरी नॉर्वेला स्वतःची राज्यघटना व संसद होती. एकोणिसाव्या शतकात तेथे राष्ट्रीय भावना बळावली, तेव्हा डॅनिश वळणाच्या शहरी संस्कृतीपेक्षा दऱ्याखोऱ्यांतील शेतकऱ्यांची बोली, गाणी, पोशाख व घरे हाच अस्सल नॉर्वे, असा विचार सुशिक्षितांत रुजला. त्याच काळात ही जुनी घरे झपाट्याने नाहीशी होत होती. शेतीचे स्वरूप पालटत होते, असंख्य लोक अमेरिकेला जात होते आणि जुने सामान विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरत होते.

या प्रकारच्या संग्रहालयाची कल्पना नॉर्डिक देशांत एकाच सुमारास अनेकांना सुचलेली दिसते. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियस यांनी १८७३ साली स्टॉकहोममध्ये स्कँडिनेव्हियन लोकजीवनाचा संग्रह प्रदर्शित केला. त्याचेच पुढे नॉर्डिस्का म्युसीट झाले. १८९१ साली त्यांनी स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले. हाझेलियस यांच्या संग्रहात नॉर्वेतील वस्तूही होत्या. आपला वारसा शेजारच्या देशाच्या राजधानीत जमा होत आहे, ही जाणीव नॉर्वेतील संग्राहकांना अस्वस्थ करणारी होती. लिलेहामर येथे आन्डर्स सान्डव्हिग या दंतवैद्याने १८८७ पासून गुडब्रान्ड्सडाल खोऱ्यातील घरे व वस्तू जमवण्यास आरंभ केला. त्यातून माइहाउगेन हे संग्रहालय उभे राहिले.

राजा ऑस्करचा संग्रह

बिग्डॉय येथील सर्वांत जुना भाग मात्र संग्रहालयाच्या स्थापनेपूर्वीचा आहे. स्वीडन व नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या बिग्डॉय येथील राजमळ्यावर १८८१ साली जुन्या इमारती आणून उभारण्याचे काम सुरू झाले. त्यामागची मूळ कल्पना राजाच्या पदरी असलेले दरबारी अधिकारी ख्रिस्तियान होल्स्ट यांची होती. पाच इमारतींच्या या संग्रहाला जगातील पहिले खुले संग्रहालय मानले जाते. नॉर्वेच्या राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक ठरलेल्या या स्थळाचा प्रारंभ स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या राजाच्या आश्रयाने झाला, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावा लागेल. १९०५ साली संयुक्त राज्य संपुष्टात आले आणि १९०७ साली हा संग्रह शेजारच्या नॉर्स्क फोल्केमुसेउममध्ये विलीन झाला.

गोल येथील स्टाव्हचर्च

राजा ऑस्करच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे हालिंगडाल खोऱ्यातील गोल या गावचे स्टाव्हचर्च. इ.स. १२००च्या सुमारास ते बांधले गेले. 'स्टाव्ह' म्हणजे उभा खांब. या बांधणीत इमारतीचा भार उभ्या खांबांवर पेललेला असतो आणि खांब जमिनीत न पुरता आडव्या तुळयांच्या चौकटीवर उभे केलेले असतात. लाकडाचा ओल्या मातीशी थेट संबंध येत नसल्याने ते कुजत नाही. त्यापूर्वीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत व ती फार काळ टिकली नाहीत. मध्ययुगात नॉर्वेत अशी एक हजाराहून अधिक चर्च असावीत असा अंदाज आहे. आज त्यांतील २८ शिल्लक आहेत.

ही चर्च नाहीशी होण्यामागे एका कायद्याचाही हात होता. १८५१ सालच्या चर्चविषयक कायद्याने प्रत्येक चर्चमध्ये तेथील रहिवाशांपैकी किमान तीन दशांश लोक मावले पाहिजेत, असे ठरवले. मध्ययुगीन चर्च लहान होती व लोकसंख्या वाढलेली होती. परिणामी गावोगावी जुनी चर्च पाडून मोठी नवी चर्च बांधण्यात आली. गोलमध्येही १८८०च्या सुमारास नवे चर्च बांधण्याचे ठरले. जुने चर्च पाडले जाणार होते, तेव्हा प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या फोर्टिड्समिन्नेफोरेनिंगेन या संस्थेने ते विकत घेतले. पुढे राजा ऑस्करने त्याच्या स्थलांतराचा भार उचलला आणि १८८४–८५ मध्ये ते बिग्डॉय येथे उभे राहिले.

आज पर्यटक पाहतात ते चर्च कितपत मध्ययुगीन आहे, हा प्रश्न रास्त आहे. शतकानुशतके झालेल्या दुरुस्त्यांमुळे गोल चर्चचे मूळ बाह्यरूप हरवलेले होते. पुनर्बांधणी करताना पश्चिम नॉर्वेतील बोरगुन्ड येथील उत्तम स्थितीतील स्टाव्हचर्च नमुना म्हणून घेण्यात आले. आतील मुख्य सांगाडा व कोरीव काम जुने असले, तरी एकूण वास्तूतील सुमारे एक तृतीयांश भागच मूळचा आहे, असे मानले जाते. एकावर एक चढत जाणारी छपरे, भोवतीचा ओवरीसारखा मार्ग व शिखरांवरील ड्रॅगनची मुखे यांतून मध्ययुगाचे दर्शन जेवढे होते, तेवढेच एकोणिसाव्या शतकाने मध्ययुगाविषयी केलेल्या कल्पनेचेही होते. याउलट गाभाऱ्यातील भिंतीवरचे शेवटच्या भोजनाचे चित्र १६५२ सालचे, म्हणजे धर्मसुधारणेनंतरचे आहे आणि ते तसेच राखण्यात आले आहे. गोल गावानेही पुढे आपल्या गेलेल्या चर्चची प्रतिकृती उभारली. अमेरिकेत नॉर्वेजियन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट येथेही एक प्रतिकृती आहे.

स्थापना व विस्तार

हान्स ओल (१८६९–१९४६) यांनी १९ डिसेंबर १८९४ रोजी संग्रहालयाची स्थापना केली, तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. सुरुवातीचा संग्रह शहरातच ठेवलेला होता. १८९८ साली बिग्डॉय येथील जागा मिळाली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आवार लोकांसाठी खुले झाले. ओल मृत्यूपर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ संचालकपदी होते. आवाराची आजची मूळ रचना त्यांचीच आहे. ग्रामीण इमारती प्रदेशवार मांडायच्या आणि शहरी इमारतींचा वेगळा विभाग करायचा, हे त्यांचे सूत्र आजही पाळले जाते. केवळ शेतकरी संस्कृतीवर भर देणाऱ्या समकालीनांच्या तुलनेत ओल यांनी शहरी व उच्चवर्गीय जीवनालाही आरंभापासून स्थान दिले.

घर हलवण्याची पद्धत नॉर्वेतील बांधकामाच्या स्वरूपामुळे शक्य झाली. तेथील पारंपरिक घरे आडव्या ओंडक्यांची असत. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते कोपऱ्यांत एकमेकांत अडकवले जात. या जोडकामाला 'लाफ्ट' म्हणतात. त्यामुळे प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालून घर उकलता येते आणि दुसरीकडे त्याच क्रमाने पुन्हा रचता येते. शेतकरी स्वतःही घरे अशी हलवत व विकत असत. संग्रहालयाने एका रूढ व्यवहाराचाच उपयोग करून घेतला.

ग्रामीण विभाग

नॉर्वेतील जुन्या शेतवाडीत एकच मोठे घर नसे. राहण्याचे घर, धान्याचे कोठार, पाहुण्यांची व कपड्यालत्त्याची माडी, गोठा, घोड्यांचा तबेला, गवताचा वाडा, धान्य वाळवण्याची खोली अशा स्वतंत्र इमारती अंगणाभोवती असत. अशा अंगणासह इमारतींच्या समूहाला 'टून' म्हणतात. एकाच इमारतीला आग लागली तर बाकीच्या वाचाव्यात, हा या विभागणीचा एक फायदा होता. संग्रहालयात सेटेस्डाल, टेलेमार्क, हालिंगडाल, नुमेडाल इत्यादी प्रदेशांचे असे समूह उभारलेले आहेत.

सेटेस्डाल विभागातील घरात धुराडे नाही. खोलीच्या मधोमध दगडी ओट्यावर आगटी पेटवली जाई आणि धूर छपरातील झरोक्यातून बाहेर जाई. दारे बुटकी व उंबरे उंच असल्याने आतली ऊब टिकत असे. देशाच्या इतर भागांत धुराड्याची चूल आल्यानंतरही सेटेस्डालमध्ये ही पद्धत दीर्घकाळ टिकली. छपरांवर भूर्ज (बर्च) वृक्षाच्या सालीचे थर अंथरून त्यांवर गवतासह मातीची ढेपे रचलेली असतात. पाणी अडवण्याचे काम साल करते. माती तिला जागेवर धरून ठेवते, शिवाय तिच्या वजनाने ओंडके एकमेकांवर घट्ट बसतात.

'स्टाब्बुर' हे कोठार येथील सर्वांत देखणे ग्रामीण बांधकाम आहे. ते जमिनीपासून उंच, आखूड खांबांवर उभे असते. उंदरांना वर चढता येऊ नये अशी खांबांची व पायऱ्यांची रचना असते. पायऱ्या मुद्दाम भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवलेल्या दिसतात. वर्षभराचे पीठ, खारवलेले मांस व कपडे यांची साठवण त्यात होत असल्याने घराची ऐपत कोठारावरून ओळखली जाई. कोरीव काम राहत्या घरापेक्षा कोठारावर अधिक असण्याचे कारण हेच.

नुमेडालमधील राउलांड येथून आणलेले घर तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे आणि धार्मिकेतर कामासाठी बांधलेल्या जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. त्यावर रून लिपीत कोरलेल्या मजकुरात बांधणाऱ्याचे नाव आहे. चर्चसाठी राजा, धर्मगुरू व संस्था झटल्या. या घरावर मात्र एका सुताराने स्वतःचे नाव कोरले आणि ते आठ शतके टिकले.

ग्रामीण विभागाची मांडणी टीकेपासून मुक्त नाही. येथील 'शेजारी' मुळात कधीच शेजारी नव्हते. वेगवेगळ्या वाड्यांवरील इमारती एकत्र करून एक आदर्श अंगण तयार केलेले आहे. डोंगरउतारावरची घरे सपाट जागेवर आली आहेत. सुरुवातीच्या संग्राहकांचा ओढा देशाच्या अंतर्भागातील कोरीव कामाने नटलेल्या वाड्यांकडे अधिक होता. शेतकऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून श्रमाच्या रूपाने खंड देणाऱ्या भूमिहीन कुळांची ('हुस्मान') घरे संग्रहालयात आली, पण त्यांच्याकडे टिकण्यासारखे व मिरवण्यासारखे थोडेच असल्याने त्यांचे जीवन मुळातच कमी जतन झाले.

पुढच्या काळात ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. ट्रॉन्डेलागमधील शेतवाडी १९५९ सालातील स्थितीत दाखवलेली आहे. त्याहून वेगळे आहे ते देशाच्या अतिउत्तरेकडील फिनमार्कमधून आणलेले साधे लाकडी घर. १९४४च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क व उत्तर ट्रोम्समधील वस्त्या जाळून टाकल्या आणि लोकांना सक्तीने हलवले. युद्धानंतर शासनाच्या मदतीने, ठरावीक आराखड्यांनुसार तेथे हजारो घरे पुन्हा बांधली गेली. त्यांपैकी हे एक. त्यावर नक्षी नाही आणि ते पुरातनही नाही, परंतु त्या भागात युद्धापूर्वीची घरे जवळपास उरलीच नसल्याने तेथील वारसा दाखवायचा तर असेच घर आणावे लागते.

जुने शहर

शहरी विभागात प्रामुख्याने ख्रिस्तियानिया (ऑस्लोचे १९२५पूर्वीचे नाव) व तिच्या उपनगरांतील इमारती आहेत. एनेरहाउगेन या कामगारवस्तीतील लहान लाकडी घरे त्यांत विशेष उल्लेखनीय आहेत. ही वस्ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाडून तेथे उंच इमारती बांधण्यात आल्या व काही घरे संग्रहालयात आणली गेली. होल्मेस्ट्रान्ड येथील १९२८ सालचा पेट्रोल पंपही येथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्वेची संसद ज्या शाळेच्या सभागृहात भरत असे, ते सभागृहदेखील संग्रहालयाने जतन केले आहे.

वेसल्स गाटे १५ ही ऑस्लोमधील १८६५ सालची विटांची भाड्याची इमारत संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आली आहे. तिच्यातील प्रत्येक बिऱ्हाड वेगळ्या काळातील आहे. एक बिऱ्हाड १८७९ सालचे असून हेन्रिक इब्सेन यांच्या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकातील कुटुंब येथे राहत असते तर घर कसे दिसले असते, या कल्पनेवर ते सजवलेले आहे. (मराठीत अनंत काणेकर यांनी या नाटकाचे 'घरकुल' हे रूपांतर केले.) दुसऱ्या बिऱ्हाडात सफाईकाम करणाऱ्या एका स्त्रीचे १९५० सालचे घर आहे. तिसऱ्यात १९६५ सालचे सागवानी फर्निचर व दूरचित्रवाणी संच असलेले मध्यमवर्गीय घर आहे. तळमजल्यावर मद्यविक्रीची मक्तेदारी असलेल्या शासकीय संस्थेचे दुकान आहे.

याच इमारतीत २००२ सालातील एका पाकिस्तानी-नॉर्वेजियन कुटुंबाचे घर मांडलेले आहे. १९७०च्या सुमारास पाकिस्तानातून, विशेषतः पंजाब प्रांतातून, अनेक तरुण कामाच्या शोधात नॉर्वेत आले. १९७५ साली नॉर्वेने कामगारांच्या स्थलांतरावर निर्बंध घातले, परंतु तोवर आलेल्यांची कुटुंबे पुढे तेथे स्थायिक झाली. दक्षिण आशियातील पाहुण्याला हे बिऱ्हाड संग्रहालयातील वस्तूपेक्षा एखाद्या नातेवाइकाच्या घरासारखे वाटण्याची शक्यता अधिक. राष्ट्रीय लोकसंग्रहालयात ओंडक्यांच्या घरांबरोबर हे घर ठेवणे म्हणजे 'लोक' या शब्दाचा अर्थ उघडपणे वाढवणे होते.

सामी संग्रह व त्याचे प्रत्यावर्तन

सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशियाच्या उत्तर भागांतील मूलनिवासी लोक होत. नॉर्वेत त्यांच्या भाषा व चालीरीती मोडून काढण्याचे शासकीय धोरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राबवले गेले. ज्या काळात शेतकऱ्यांची संस्कृती राष्ट्राचा ठेवा म्हणून गोळा केली जात होती, त्याच काळात सामी मुलांना शाळेत मातृभाषा बोलण्यास मज्जाव होता. सामी वस्तू तेव्हा लोकसंग्रहालयात नव्हत्या. त्या जगातील इतर 'परक्या' लोकांच्या वस्तूंबरोबर विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात होत्या. १९५१ साली त्या नॉर्स्क फोल्केमुसेउमकडे आल्या आणि सामी संस्कृती प्रथमच या संग्रहालयात नॉर्वेच्या लोकजीवनाबरोबर मांडली गेली.

पुढे प्रश्नाचे स्वरूप बदलले. या वस्तू राजधानीत का असाव्यात, असे सामी विचारू लागले. २०१२ साली नॉर्स्क फोल्केमुसेउम, ऑस्लो विद्यापीठाचे सांस्कृतिक इतिहास संग्रहालय व सामी संसद यांच्यात करार झाला. त्यानुसार दोन्ही संग्रहालयांतील सामी संग्रहाचा जवळपास निम्मा भाग, म्हणजे सुमारे २,००० वस्तू, सहा सामी संग्रहालयांकडे सोपवण्याचे ठरले. कारासयोक येथील रिद्दोदुओत्तारमुसेआत व स्नोसा येथील साएमियेन सिय्ते ही त्यांपैकी होत. दक्षिण सामी भाषेत 'परत येणे' या अर्थाचा 'बोस्टेडे' हा शब्द या प्रकल्पाला दिला गेला. प्रत्यक्ष हस्तांतर मात्र सावकाश झाले. वस्तू स्वीकारणाऱ्या संग्रहालयांकडे तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवणारी कोठारे असणे आवश्यक होते आणि लहान संग्रहालयांना त्यासाठी निधीची वाट पाहावी लागली. ज्या समाजाकडून वस्तू नेल्या, त्याच समाजाने त्या परत घेण्यासाठी पुरेशी जागा असल्याचे दाखवावे, या अटीतील विसंगती लपत नाही.

संशोधन व अभिलेख

१९४६ साली संग्रहालयात 'नॉर्स्क एट्नोलोगिस्क ग्रान्स्किंग' हा विभाग सुरू झाला. तो देशभरातील सामान्य लोकांना प्रश्नावल्या पाठवून त्यांच्या आठवणी लिखित स्वरूपात जमा करतो. जुन्या काळातील विषय गवतकापणी, दूधदुभते, लग्नकार्य असे होते. नंतर दैनंदिन जीवनातील समकालीन बाबींचाही त्यात अंतर्भाव झाला. छायाचित्रकार आन्डर्स बेअर व्हिल्से (१८६५–१९४९) यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह येथे आहे.

संग्रहालयाची भेट

बिग्डॉय येथे शहराच्या मध्यभागातून ३० क्रमांकाच्या बसने जाता येते. उन्हाळ्यात नगरभवनासमोरील धक्क्यावरून फेरीबोटही सुटते. फ्राम व कॉन-टिकी ही समुद्रसफरींशी संबंधित संग्रहालये याच द्वीपकल्पावर आहेत.

आवार मोठे असल्याने निदान अर्धा दिवस लागतो. भेटीचा ऋतू महत्त्वाचा ठरतो. उन्हाळ्यात बरीच घरे आतून उघडी असतात, पारंपरिक वेशातील मार्गदर्शक घरांत बसून माहिती देतात, आवारात पाळीव जनावरे असतात आणि लोकनृत्याचे कार्यक्रम होतात. आगीवरील तव्यावर 'लेफ्से' भाजण्याचे प्रात्यक्षिकही होते. लेफ्से म्हणजे पोळीसारखी पातळ लाटलेली मऊ भाकरी, लोणी व साखर लावून खाल्ली जाते. हिवाळ्यात अनेक घरांची दारे बंद असतात व ती बाहेरूनच पाहावी लागतात, परंतु बर्फातील आवार शांत असते आणि बंदिस्त दालने चालू राहतात. डिसेंबरच्या आरंभी भरणारा नाताळ बाजार ऑस्लोवासीयांत लोकप्रिय आहे. २३ जूनच्या संध्याकाळी सांक्टहान्सचा मध्यग्रीष्म उत्सवही येथे साजरा होतो. जुन्या घरांत प्रकाश अत्यंत कमी असतो. डोळे सरावेपर्यंत काही क्षण थांबल्यास भिंतींवरील व कपाटांवरील रंगीत फुलांची नक्षी ('रोसेमालिंग') दिसू लागते.

संलग्न संस्था

बिग्डॉय येथील राजमळा, बोगस्ताद ही जुनी जहागीर, १८१४ साली जेथे राज्यघटना संमत झाली ते आइड्सव्होल येथील भवन, ऑस्लोतील इब्सेन संग्रहालय आणि नॉर्वेचे सागरी संग्रहालय यांचा कारभार नॉर्स्क फोल्केमुसेउमच्या प्रतिष्ठानाशी जोडलेला आहे. गोल येथील स्टाव्हचर्च मात्र आजही नाममात्र राजाच्या मालकीचे असून संग्रहालय त्याची देखभाल करते.